वाचक विचारतात : युरोपातला कॅसल विकत घ्यायचाय? आधी माळ्यावर चढा

मागच्या अंकात युरोपातल्या विकाऊ कॅसल आणि कंट्री हाऊसवर (म्हणजे जमीनदारांच्या खेड्यातल्या मोठ्या वाड्यांवर) दोन पानं लिहिली आणि मग काय, पत्रांचा ढीगच आला. निम्म्या पत्रांना जाहिरातींची कात्रणं जोडलेली, बुरूज, तळं, तळ्यात हंस, आणि खाली किंमत. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं काही जमणार नाही, तेव्हा जे प्रश्न फिरून फिरून आलेत तेच घेते.

ताई, फ्रान्समधल्या एका शॅटोची (तिथल्या कॅसलला शॅटो म्हणतात ना) जाहिरात बघितली. तीस खोल्या, दोन बुरूज, छोटं चॅपल, सात हेक्टर बाग, आणि किंमत पॅरिसमधल्या एका बऱ्या फ्लॅटएवढी. ही फसवणूक आहे का? की खरंच एवढं स्वस्त असतं?

फसवणूक नसावी, खरंच असतं. फ्रान्सच्या आतल्या भागात, म्हणजे क्रूझ, आलिए, मायेन अशा ठिकाणी दहा लाख युरोच्या आत शॅटो मिळतात, आणि त्यात मोडकळीला आलेलेच असतात असंही नाही. लुआर खोरं किंवा प्रोव्हान्स म्हटलं की आकडा लगेच चढतो. आतल्या भागात नोकऱ्या नाहीत, तरुण मुलं शहरात निघून गेली, स्टेशन लांब, डॉक्टर त्याहून लांब, मग तीस खोल्या घेऊन करायचं काय?

दुसरं कारण वारसाहक्काचं आणि माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. नेपोलियनच्या १८०४ च्या दिवाणी संहितेपासून फ्रान्समध्ये मुलांना वाट्यातून सहजासहजी बाहेर काढता येत नाही. एक मूल असेल तर निम्मी मालमत्ता, दोन असतील तर दोन तृतीयांश आणि तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश त्यांच्यासाठी राखीव. दोन पिढ्या गेल्या की एका शॅटोचे सात-आठ मालक होतात, एक लिऑंला, एक कॅनडात, एकाला घर ठेवायचंय, बाकीच्यांना पैसे हवेत, आणि छप्पर गळायला लागलं की वर्गणी कोण काढणार यावरून बोलणंच बंद होतं. मग शेवटी विक्रीची पाटी लागते, आणि ती लागेपर्यंत छप्पर दहा-पंधरा वर्षं कुणी बघितलेलंच नसतं. इंग्लंडमध्ये उलट, तिथे परंपरेनं सगळं थोरल्या मुलाकडे जायचं म्हणून घरं एकसंध राहिली पण वारसा कराने मालकांना घाईला आणलं, विसाव्या शतकात तिथली शेकडो कंट्री हाऊस सरळ पाडून टाकली गेली.

आता किमतीबद्दल. जाहिरातीतला आकडा म्हणजे दुरुस्तीचा खर्च वजा करून उरलेली रक्कम आहे असं समजून वाचा. याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण इंग्लंडमधलं, यॉर्कशायरचं वेंटवर्थ वुडहाऊस. तीनशेच्या वर खोल्या, नुसती पूर्वेकडची दर्शनी बाजू १८५ मीटर लांब. २०१७ मध्ये एका संवर्धन ट्रस्टने ते ७० लाख पौंडाला घेतलं. लंडनच्या महागड्या भागात एवढ्यात एक घर येतं. पण दुरुस्तीचा अंदाज किती होता माहितीये? ४.२ कोटी पौंड. म्हणजे किमतीच्या सहापट. त्यासाठी सरकारने ७६ लाख पौंड दिले, ते घराच्या किमतीपेक्षाही जास्त. आणि एवढी मोठी रक्कम आली तरी सुरुवात छपरापासूनच करावी लागली.

याउलट २०१५ मध्ये व्हर्सायजवळ लुव्हसिएनला एक शॅटो २७.५ कोटी युरोला विकला गेला, तेव्हा जगातलं सगळ्यात महाग घर म्हणून बातम्या आल्या होत्या. तो शॅटो जुना नव्हताच! सतराव्या शतकाच्या थाटात पण आत्ता २००८ नंतर बांधलेला, आतली सगळी यंत्रणा रिमोटवर चालणारी. लोक पैसे मोजतात ते चालू नळाला आणि कोरड्या भिंतीला. इतिहास बिचारा बहुतेक वेळा फुकटच येतो.

एक युरोत कॅसल मिळतो असं ऐकलंय. खरं का खोटं?

खरं, आणि तरीही नाही. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात.

इटलीतली एक युरोची घरं ही कॅसल नसतात, ओस पडलेल्या गावांतली साधी दगडी घरं असतात. सिसिलीतल्या सांबुका गावाने २०१९ मध्ये जी घरं काढली त्यात अट होती की तीन वर्षांत दुरुस्ती करायची, कमीत कमी १५,००० युरो खर्चायचे आणि ५,००० अनामत ठेवायची. एक युरो ही फक्त बोलीची सुरुवात, लिलावात आकडा वर जातोच.

दुसरी गोष्ट म्हणजे २०१७ मध्ये 'इटली कॅसल फुकट वाटतेय' अशी बातमी जगभर फिरली. तिथल्या सरकारने १०३ जुन्या इमारती काढल्या होत्या, त्यात किल्ले, मठ, धर्मशाळा, रेल्वेची जुनी घरंसुद्धा होती, सगळ्या पायी आणि सायकलच्या जुन्या वाटांवरच्या. पण मालकी देत नव्हते हो, वापरायचा हक्क देत होते, काही ठरावीक वर्षांसाठी, आणि बदल्यात तुम्ही तिथे यात्रेकरूंसाठी हॉटेल, खाणावळ वगैरे चालवायची. बातमीच्या मथळ्यात हे कुणी सांगितलं नाही.

तिसरी गोष्ट मात्र खरोखरच्या कॅसलची. जर्मनीत हॅनोव्हरजवळ मारियनबुर्ग आहे, हॅनोव्हरचा राजा पाचवा गेऑर्ग याने राणीसाठी १८५८ पासून बांधायला घेतलेला, परीकथेतल्यासारखा दिसतो. २०१८ मध्ये राजघराण्याच्या वारसाने तो राज्य सरकारला एक युरोला द्यायचं ठरवलं. कारण? दुरुस्तीचा अंदाज २.७ कोटी युरो. सरकार घ्यायला तयार झालं तर वडिलांनीच हरकत घेतली की मी मुलाला दिलं ते असं विकायला दिलं नव्हतं, मोठा गाजावाजा झाला आणि शेवटी कॅसल एका फाउंडेशनकडे गेला. म्हणजे बघा, राजाच्या पणतू-खापरपणतूंना जो परवडला नाही तो एक युरोत मिळाला तरी तुमच्या-माझ्या कामाचा आहे का?

पूर्व जर्मनीत मात्र असे व्यवहार बरेच झाले. १९४५ च्या जमीन सुधारणेत तिथे शंभर हेक्टरच्या वरच्या सगळ्या जहागिऱ्या जप्त झाल्या, वाड्यांमध्ये शाळा, अनाथाश्रम, धान्याची कोठारं आली. १९९० ला देश एक झाल्यावर ही घरं जुन्या मालकांना परत मिळाली नाहीत, पण विकायला निघाली, काही अगदी नावापुरत्या किमतीला, आणि काही घराण्यांनी आजोबांचंच घर पुन्हा पैसे देऊन घेतलं. अजूनही मेक्लेनबुर्ग, ब्रांडेनबुर्ग, सॅक्सनी या भागात अशी घरं विकायला दिसतात. फोटोत मागे कम्युनिस्ट काळातलं सिमेंटचं गोदाम दिसलं की ओळखायचं.

कॅसल घेतला की सरदार, काउंट, लॉर्ड असं काही नाव लावता येतं का हो? (हसू नका प्लीज)

हसत नाहीये, पण नाही लावता येत. इटलीने १९४८ च्या राज्यघटनेत पदव्यांची मान्यताच काढली. ऑस्ट्रियाने १९१९ मध्ये रद्द केल्या, नावाआधीचं सरदारकीचं 'फॉन' सुद्धा लावायचं नाही. जर्मनीत त्याच वर्षी पदवी ही आडनावाचा भाग झाली, म्हणजे ती माणसाबरोबर जाते, घराबरोबर नाही. इंग्लंडमध्ये 'लॉर्ड ऑफ द मॅनर' (जुन्या जहागिरीचा मान) हा हक्क विकत मिळतो, पण तो घेणारा काही लॉर्ड होत नाही. आणि स्कॉटलंडमध्ये पूर्वी जमिनीबरोबर बॅरन हे पद यायचं खरं, पण २८ नोव्हेंबर २००४ पासून पद आणि जमीन वेगळे झाले, तेव्हा कॅसल घेऊनही तुम्ही बॅरन होणार नाही आणि उलट कॅसल न घेताही कुणीतरी बॅरन होऊन बसलेला असू शकतो. विक्रेता पदवीचं आमिष दाखवून किंमत वाढवत असेल तर त्या ओळीवर सरळ काट मारा.

आम्हाला आत लिफ्ट, एसी, मोठ्या काचेच्या खिडक्या असं सगळं मॉडर्न करायचंय. घर आपलंच, मग परवानगी कशाला?

घर तुमचं, पण एकट्याचं नाही.

इंग्लंडमध्ये संरक्षित इमारतींच्या यादीत जवळजवळ चार लाख नोंदी आहेत, तीन श्रेणी, ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू. ग्रेड वन म्हणजे जेमतेम अडीच टक्के. लोकांना वाटतं ग्रेड टू म्हणजे हलकं प्रकरण, फक्त दर्शनी भाग सांभाळायचा. तसं नाही. कुठल्याही श्रेणीत आतलं-बाहेरचं सगळं येतं, जिना, शेकोटी, लाकडी पॅनेल, दारंसुद्धा, आणि आवारातलं १ जुलै १९४८ च्या आधीचं बांधकाम बहुतेक वेळा त्यात धरलं जातं. परवानगीशिवाय काम केलं तर तो फौजदारी गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाला वरची मर्यादा नाही. आणि ही गोष्ट घेणाऱ्याने पाटीवर लिहून ठेवावी अशी आहे, आधीच्या मालकाने चोरून बसवलेल्या प्लास्टिकच्या खिडक्या काढून पूर्ववत करायची नोटीस आत्ताच्या मालकाला येऊ शकते, त्याला मुदतही नाही. तीस वर्षांपूर्वीचं काम असलं तरी. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हाच, की आतापर्यंत जे जे बदल झाले त्यांच्या परवानग्या कुठायत?

शिवाय कर आहेच. पूर्वी संरक्षित इमारतीत परवानगी घेऊन केलेल्या बदलांना व्हॅट लागत नव्हता, ऑक्टोबर २०१२ पासून ती सवलत गेली, आता पूर्ण २० टक्के.

फ्रान्समध्ये वास्तू संरक्षणाच्या १९१३ च्या कायद्यावर सगळं उभं आहे. दोन पायऱ्या आहेत, 'क्लासे' म्हणजे कडक आणि 'अँस्क्री' म्हणजे थोडी सैल. क्लासे इमारतीत खिळा ठोकण्याआधी प्रांताच्या सांस्कृतिक खात्याला विचारायचं, आर्किटेक्टही या कामाची मान्यता असलेलाच लागतो. बदल्यात सरकार दुरुस्तीला अनुदान देऊ शकतं, ते विसरू नका. आणि तुमचा शॅटो कुठल्याच यादीत नसला तरी शेजारच्या गावातलं चर्च असेल ना, तर त्याच्या ५०० मीटरच्या आत साधारणपणे सरकारी आर्किटेक्टचं मत घ्यावंच लागतं, अगदी खिडकीच्या रंगालासुद्धा.

मला विचाराल तर हे जाच आहेत पण हवेत. १९८० च्या दशकात एका जपानी कंपनीने फ्रान्समधले बरेच शॅटो घेतले, त्यात चौथ्या हेन्री राजाचा मंत्री सुली याचा रोनी-स्युर-सेनचा शॅटोही होता, आणि मग आतलं सामानसुमान विकून घरं ओसाड सोडली. छप्पर गळत राहिलं, चोर येत राहिले. कायदा असूनही एवढं झालं, नसता तर विटाही राहिल्या नसत्या.

लिफ्टचं म्हणाल तर मिळते कधी कधी, मागच्या नोकरांच्या जिन्याच्या जागी. मोठ्या काचा विसरा. आणि एसी? दीड मीटर जाडीच्या भिंतीत एसी कशाला हो, तिथे प्रश्न उलटा आहे, जून महिन्यातसुद्धा अंगावर स्वेटर लागतो.

आमच्या मिस्टरांना कॅसल घ्यायचाय पण मला भुताखेतांची भीती वाटते. विक्रीच्या कागदात त्याचा उल्लेख करतात का? आणि ड्रॅक्युलाचा कॅसल विकायला आहे म्हणे?

कागदात भुतं नसतात. वटवाघळं असतात, आणि त्यांना घाबरा. युरोपियन युनियनमध्ये १९९२ च्या निर्देशाने सगळ्या जातींच्या वटवाघळांना संरक्षण आहे, ब्रिटनमध्येही १९८१ च्या कायद्यापासून आहे. माळ्यावर त्यांची वसाहत सापडली की पिल्लांच्या दिवसांत छपराचं काम थांबतं, आधी तज्ज्ञाकडून पाहणी, मग परवानगी, मग पर्यायी जागा. ठेकेदार रोजाने बसलाय आणि वर पिल्लं दूध पितायत, असं चित्र असतं. जुन्या कॅसलचा माळा आणि वटवाघूळ नाही असं क्वचितच होतं, त्यामुळे खर्चाच्या अंदाजात एक उन्हाळा त्यांच्या नावाने धरूनच ठेवा.

ड्रॅक्युलाचं म्हणजे रोमानियातला ब्रान. तो कम्युनिस्टांनी घेतला होता, २००६ मध्ये रोमानियाच्या राणी मारीच्या वंशजांना परत मिळाला, मधे विक्रीच्या बातम्याही आल्या, पण आता तिकीट लावून खाजगी म्युझियम म्हणून जोरात चालतोय. ज्या व्लाद राजाचं नाव त्याला चिकटलंय तो तिथे राहत नव्हता, आणि पर्यटकांना त्याने काही फरक पडत नाही.

प्रत्यक्ष खरेदी कशी होते? सगळीकडे सारखीच पद्धत असते का? आणि घर घेतलं की तिथे राहायचा व्हिसा मिळतो का?

शेवटचं आधी, नाही मिळत. फ्रान्समध्ये शॅटोचे मालक असलात तरी युरोपबाहेरच्या पासपोर्टवर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच शेंगेन देशांत (युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत) राहता येतं, त्यापुढे वेगळा व्हिसा. स्पेनने तर घर घेऊन राहण्याचा परवाना द्यायची योजना एप्रिल २०२५ मध्ये बंदच केली. ब्रिटनमध्येही घराचा आणि व्हिसाचा काही संबंध नाही, उलट इंग्लंडमध्ये बाहेरच्या खरेदीदाराला स्टॅम्प ड्यूटीवर दोन टक्के जादा, आणि दुसरं घर असेल तर आणखी पाच.

पद्धत प्रत्येक देशात वेगळी. फ्रान्समध्ये सगळं 'नोतेर' नावाच्या सरकारमान्य अधिकाऱ्यापुढे होतं. आधी प्राथमिक करार, त्या वेळी पाच ते दहा टक्के रक्कम द्यायची, आणि खरेदीदाराला दहा दिवस मिळतात, त्यात मन बदललं तर कारण न देता बाहेर पडता येतं, पैसे परत. विकणाऱ्याला ही सोय नाही. मग दोन-तीन महिने कागद तपासणी आणि शेवटची सही. जुन्या घराला किमतीवर सात-आठ टक्के खर्च येतो, त्यातला बहुतेक भाग कर असतो. दोन्ही बाजूंना एकच नोतेर चालतो पण स्वतःचा वेगळा घ्या, फी तेवढीच राहते, ते दोघं आपापसात वाटून घेतात. आणि बाग-शेतजमीन मोठी असेल तर शेतजमिनीवर लक्ष ठेवणारी साफेर नावाची संस्था असते, तिला दोन महिन्यांत मधे पडून ती जमीन स्वतः घ्यायचा हक्क असू शकतो.

इटलीत असाच हक्क सरकारला आहे. संरक्षित इमारत विकली की करारानंतर ६० दिवस सांस्कृतिक मंत्रालय त्याच किमतीला ती स्वतः घेऊ शकतं. रोममधल्या व्हिला आउरोराचं हेच झालं, म्हणजे व्हायला पाहिजे होतं. प्रसिद्ध चित्रकार कारावाज्जोने सुमारे १५९७ मध्ये रंगवलेलं छत आहे तिथे, भिंतीवर-छतावर त्याने केलेलं असं हे एकच काम. सावत्र आई आणि मुलांचं भांडण कोर्टात गेलं, जानेवारी २०२२ मध्ये लिलाव लागला, किंमत ठरवली ४७.१ कोटी युरो, कमीत कमी बोली ३५.३ कोटी. एक माणूस आला नाही. सरकारने घ्यावं म्हणून लोकांनी सह्या गोळा केल्या, पण बोलीच लागली नाही तर सरकार मधे पडणार कुठे?

इंग्लंडचं मला सगळ्यात भीतीदायक वाटतं, कारण तिथे दोन्ही बाजूंच्या सही केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत तोंडी होकाराला काही किंमत नसते, महिनोन्महिने सर्व्हे आणि वकिलावर खर्च करून बसता आणि कुणीतरी जास्त पैसे देऊन घर उचलून नेतो. स्कॉटलंडमध्ये 'अमुक किमतीच्या वर' असं लिहितात, ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी बंद पाकिटात बोली द्यायची, दुसऱ्याने काय लिहिलं ते कळत नाही.

इंग्लंडमधलं अजून एक खास प्रकरण सांगायलाच हवं. काही जुन्या जमिनींवर गावच्या चर्चच्या एका भागाची दुरुस्ती करून द्यायची मध्ययुगीन जबाबदारी चिकटलेली असते. अॅस्टन कँटलो गावात एका शेतघराच्या मालकांवर ती आली, ते हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत लढले, २००३ मध्ये हरले आणि सुमारे दोन लाख पौंडाची दुरुस्ती अधिक वकिलांचा खर्च अंगावर पडला. ऑक्टोबर २०१३ नंतर ही जबाबदारी नोंदलेली नसेल तर पैसे मोजून घेणाऱ्या नव्या मालकाला सहसा लागत नाही, तरी वकिलाला विचारा.

लग्नं, शूटिंग, होमस्टे यातून खर्च निघेल ना? आम्ही तोच विचार करतोय.

थोडा निघेल. पण सगळ्या शॅटोवाल्यांचा विचार तोच आहे, हा पहिला प्रॉब्लेम. लोकांना आत घ्यायचं म्हटलं की फ्रान्समध्ये अग्निसुरक्षेचे नियम लागू होतात, बाहेर पडायचे रस्ते, दरवाजे, अलार्म, आणि तुमचा तो सुंदर गोल जिना एकटाच असेल तर वरचा मजला पाहुण्यांना द्यायला परवानगी मिळणं अवघड. लग्नाचा सीझन चार-पाच महिने, बिलं बारा महिने.

करात मात्र खरी मदत आहे, तिथे कर भरत असाल तर. फ्रान्समध्ये संरक्षित वास्तूच्या मालकाला दुरुस्तीचा खर्च एकूण उत्पन्नातून वजा करता येतो. घर लोकांना बघायला खुलं ठेवलं तर पूर्ण, नाहीतर निम्मा, आणि पंधरा वर्षं घर ठेवायचं वचन द्यावं लागतं. खुलं म्हणजे वर्षाला ५० दिवस किंवा जुलै ते सप्टेंबरमध्ये ४० दिवस. आयर्लंडमध्ये ६० दिवस, त्यातले ४० मे ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे भर उन्हाळ्यात, जेव्हा तुम्हाला स्वतःला लॉनवर बसायचंय, तेव्हा अनोळखी लोक तुमच्या दिवाणखान्यात फोटो काढणार. ज्यांना माणसं आवडतात त्यांना हे जमतं. एकांत हवा म्हणून कॅसल घेणाऱ्यांचं कठीण आहे.

मोठी घरं याच्यावरच चालतात. लुआर खोऱ्यातला शनोंसो १९१३ पासून चॉकलेटवाल्या मनिए घराण्याकडे आहे, व्हो-ल-व्हिकोंतही खाजगीच, आणि दोन्ही ठिकाणी तिकिटाला रांग असते. पण तुमचा क्रूझमधला तीस खोल्यांचा शॅटो म्हणजे शनोंसो नाही. तिथे रविवारी शेजारच्या गावातले दोन म्हातारे येतील, आणि तेही कॉफी फुकट मागतील.

एवढे पैसे नाहीत, पण हौस आहे. कमी पैशात काही?

आहे की. २०१७ मध्ये फ्रान्सच्या व्हिएन भागातला ला मोत-शांदनिए हा शॅटो, १९३२ च्या आगीपासून ओसाड, आतून झाडं उगवून छपराबाहेर आलेली, लोकवर्गणीतून पाच लाख युरोला घेतला गेला. कमीत कमी ५० युरो, शंभरावर देशांतून पंचवीस हजारांहून जास्त लोक आणि जमले १६ लाखांच्या वर. भागधारकाला राहायला मिळत नाही, नावाचा शेअर मिळतो, काय करायचं यावर मत देता येतं, कामाला हात लावता येतो. झाडं तशीच ठेवून पडझड थांबवायची असं ठरलं आणि मला तो निर्णय फार आवडला. पैसे परत मिळतील या आशेने मात्र घालू नका.

शेवटी एकच विचारते ताई, बघायला गेलो तर काय बघायचं?

फेब्रुवारीत जा, पाऊस असताना. जूनमध्ये सगळेच शॅटो सुंदर दिसतात आणि एजंटही म्हणूनच जूनमध्ये बोलावतो. दिवाणखाना शेवटी बघा. आधी माळ्यावर चढा, टॉर्च घेऊन, आणि तुळई जिथे भिंतीत शिरते ती टोकं बघा, पाणी तिथेच मुरतं. लाकूड काळं पडलंय, बोटाने दाबलं की आत जातंय, किंवा भिंतीवर विटकरी रंगाची धूळ आणि कापसासारखा पापुद्रा दिसतोय तर ती मेरुल नावाची बुरशी असू शकते, ती दगडी भिंतीतूनसुद्धा पुढच्या लाकडापर्यंत जाते आणि नुसतं लाकूड बदलून भागत नाही. दोन छपरांच्या मधली पन्हाळ बघा, शिसं किंवा जस्त असतं, फाटलेलं असतं. स्लेट चांगली असेल तर शंभर वर्षंही टिकते, पण तिला धरणारे खिळे आधी गंजतात, म्हणून घसरलेल्या फरशा मोजा.

मग तळघर. मग सांडपाणी कुठे जातं ते विचारा, कारण गावाबाहेरच्या शॅटोला बहुधा सरकारी गटार नसतं, स्वतःची टाकी असते आणि ती नियमात बसत नसेल तर खरेदीनंतर एका वर्षात नीट करायची जबाबदारी नव्या मालकाची. हीटिंगच्या तेलाची मागच्या तीन हिवाळ्यांची बिलं मागा. एजंट म्हणेल, मालक फक्त चार खोल्या गरम करायचे. तर त्या चार खोल्यांची मागा. आणि एजंटने दिलेला नाही, तुम्ही स्वतः शोधलेला छपरावर काम करणारा कारागीर बरोबर न्या, आर्किटेक्टच्याही आधी. त्याला तिथे जेवायला घाला आणि परतीच्या वाटेवर गाडीत विचारा, तुझं असतं तर घेतलं असतंस का?